चिमूटभर हळद आणि गोळीतले कर्क्युमिन : निर्यातीच्या स्वप्नाला विश्वासाची कसोटी

नवी दिल्ली : राष्ट्रीय हळद मंडळाचे कामकाज १४ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाले आणि तेलंगणातील निजामाबाद हे त्याचे मुख्यालय ठरले. मसाल्याच्या एका पिकासाठी स्वतंत्र राष्ट्रीय मंडळ असावे, ही हळद उत्पादकांची अनेक वर्षांची मागणी होती. ती पूर्ण करताना केंद्र सरकारने २०३० पर्यंत हळदीची निर्यात एक अब्ज डॉलरपर्यंत नेण्याचे उद्दिष्टही समोर ठेवले आहे. हे उद्दिष्ट नुसत्या मसाल्याच्या बळावर गाठता येण्याजोगे नाही. त्यासाठी हळदीतील औषधी गुणांचे संयुग, म्हणजेच कर्क्युमिन, जगाला विकावे लागेल. नेमक्या याच टप्प्यावर काही अवघड प्रश्न उभे राहतात.

सरकारी आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशात सुमारे ३ लाख ५ हजार हेक्टर क्षेत्रावर हळदीची लागवड झाली आणि १० लाख ७४ हजार टन उत्पादन मिळाले. जगातील एकूण उत्पादनात भारताचा वाटा ७० टक्क्यांहून अधिक, तर जागतिक व्यापारात ६२ टक्क्यांहून अधिक आहे. त्याच वर्षी १ लाख ६२ हजार टन हळद आणि हळदीचे पदार्थ निर्यात झाले. त्यातून मिळाले २२ कोटी ६५ लाख डॉलर. हिशेब केला तर एका किलोला सरासरी १ डॉलर ४० सेंट एवढाच भाव पडतो. याच भावाने एक अब्ज डॉलर मिळवायचे झाल्यास सात लाख टनांहून अधिक हळद परदेशी पाठवावी लागेल, म्हणजे देशातील एकूण उत्पादनाचा जवळपास दोन तृतीयांश हिस्सा. प्रत्येक घरात रोज हळद लागणाऱ्या देशात हे शक्य नाही.

त्यामुळे वाढ वजनातून होणार नसून मूल्यवर्धनातून होणार, हे उघड आहे. मूल्यवर्धन म्हणजे हळदीचा अर्क, ओलिओरेझिन, शुद्ध कर्क्युमिन आणि त्यापासून बनलेल्या गोळ्या व कॅप्सूल. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे या उत्पादनांना मोठी बाजारपेठ आहे. मात्र गेल्या काही वर्षांत यकृताला होणाऱ्या इजेबाबत इशारे निघाले आहेत तेही याच देशांतून आणि याच उत्पादनांबाबत.

एक मूळ, दोन मात्रा

हळदीचा पिवळा रंग ज्या तीन संयुगांमुळे येतो, त्यांना एकत्रितपणे कर्क्युमिनॉइड म्हणतात. त्यांतील प्रमुख ते कर्क्युमिन. १८१५ मध्ये ते प्रथम हळदीपासून वेगळे करण्यात आले आणि १९१० मध्ये त्याची रासायनिक रचना निश्चित झाली. सर्वसाधारण वाळलेल्या हळदीत या संयुगांचे प्रमाण तीन ते पाच टक्के असते. मेघालयातील लाकाडोंगसारख्या वाणात ते सात टक्क्यांच्या आसपास जाते.

सर्वसामान्य भारतीय घरात एका व्यक्तीच्या पोटात दिवसाला दोन ग्रॅम हळद गेली, असे धरले तर तीन टक्के प्रमाणाने त्यातून सुमारे ६० मिलिग्रॅम कर्क्युमिनॉइड मिळतात. याउलट ५०० मिलिग्रॅमच्या, ९५ टक्के शुद्धतेच्या एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम असतात. तेवढे संयुग स्वयंपाकातून मिळवायचे तर एका व्यक्तीला दिवसाला सुमारे १६ ग्रॅम, म्हणजे पाच चहाचे चमचे हळद खावी लागेल. दिवसाला दोन कॅप्सूल घेणाऱ्यासाठी हा आकडा ३२ ग्रॅमवर जातो. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने अन्नातील कर्क्युमिनसाठी ठरवलेली स्वीकार्य दैनंदिन मर्यादा शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे ३ मिलिग्रॅम आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती १८० मिलिग्रॅम होते. घरातील आमटी-भाजी या मर्यादेच्या बरीच आत राहते. एकच कॅप्सूल ती ओलांडते.

फरक एवढ्यावरच संपत नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आतड्यात ते फारसे शोषले जात नाही आणि जे शोषले जाते त्याचे आतडे व यकृत लगेच दुसऱ्या रूपात परिवर्तन करून ते बाहेर टाकतात. ही शरीराची नैसर्गिक चाळणी म्हणता येईल. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतील पायपरिन हे संयुग २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा माणसांच्या रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता वीसपट वाढल्याचे आढळले. त्यानंतर जगभरच्या उत्पादकांनी गोळ्यांत मिरीचा अर्क मिसळण्यास सुरुवात केली. पुढे अतिसूक्ष्म कण, स्निग्ध आवरण अशी तंत्रेही आली. पायपरिन ज्या मार्गाने कर्क्युमिनला यकृताच्या चाळणीतून वाचवते, त्याच मार्गाने ते काही इतर औषधांचे रक्तातील प्रमाणही वाढवू शकते. जाहिरातीत गुण म्हणून सांगितली जाणारी अधिक शोषणाची क्षमता त्यामुळे जोखमीचेही कारण ठरू शकते.

यकृताचे इशारे

इटलीत २०१९ मध्ये हळदीची पूरक उत्पादने घेणाऱ्यांत यकृतदाहाची अनेक प्रकरणे लागोपाठ समोर आली. पुढे २०२२ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने अशा उत्पादनांवर इशारा छापणे बंधनकारक केले आणि यकृतासाठी हितकारक असल्याचा दावा करण्यास मनाई केली. त्याच वर्षी फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने दुष्परिणामांच्या शंभरहून अधिक नोंदी तपासल्या. त्यांत सुमारे पंधरा नोंदी यकृतदाहाच्या होत्या. या संस्थेने ६० किलो वजनाच्या प्रौढासाठी पूरक उत्पादनांतून दिवसाला १५३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक कर्क्युमिन घेऊ नये, असे सुचवले. पित्तनलिकेचे विकार असलेल्यांनी, तसेच रक्त पातळ करणारी, कर्करोगावरील किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी ती टाळावीत, असाही सल्ला दिला. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने ऑगस्ट २०२३ मध्ये याच स्वरूपाची सूचना जारी केली.

अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधन जाळ्याने २०२२ मध्ये हळदीशी संबंधित दहा प्रकरणांचा तपशील प्रसिद्ध केला. त्यांतील पाच रुग्णांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा जनुकीय प्रकार आढळला. म्हणजे ही इजा सर्वांना सारखी होत नाही. काही व्यक्तींची प्रकृतीच तिला अधिक पोषक असते आणि आपण त्यांपैकी आहोत हे त्यांना आधी ठाऊक नसते. कोट्यवधी लोक ही उत्पादने वापरतात, हे लक्षात घेता प्रकरणांची संख्या अल्प आहे. परंतु जे उत्पादन निरोगी माणसे स्वतःहून, वैद्यकीय देखरेखीशिवाय घेतात, त्याच्याबाबत अल्प जोखीमही दुर्लक्षिता येत नाही.

हे इशारे स्वयंपाकातील हळदीबाबत नाहीत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव जी सुरक्षितता सांगतो, ती चिमूटभर हळदीची आहे. डाळीत, तेलात, उष्णतेत शिजलेल्या हळदीची आहे. तोच अनुभव वीसपट शोषल्या जाणाऱ्या अर्काच्या नावावर जमा करता येणार नाही. ‘आजीच्या बटव्या’चा हवाला देणारी गोळी त्या बटव्यात कधी नव्हतीच.

लाभाचा पुरावा किती?

कर्क्युमिनवर हजारो शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. परीक्षानळीत आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचे दाहशामक व पेशीरक्षक गुण वारंवार दिसले. पण २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’ या नियतकालिकात तोवरच्या १२० हून अधिक मानवी चाचण्यांचा परामर्श घेणारा लेख आला. काटेकोर पद्धतीच्या चाचण्यांत कर्क्युमिनला निर्विवाद यश मिळालेले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हे संयुग प्रयोगशाळेतील अनेक परीक्षणांना चकवते आणि नसलेला परिणाम असल्यासारखा दाखवते, याकडेही लेखकांनी लक्ष वेधले.

त्यानंतरचे चित्र संमिश्र आहे. गुडघ्यांच्या झिजेमुळे होणाऱ्या वेदना कर्क्युमिनने काही प्रमाणात कमी होतात, असे अनेक लहान चाचण्यांतून दिसते. थायलंडमधील २०६ रुग्णांच्या चाचणीत अपचनाच्या तक्रारींवर कर्क्युमिन आणि ओमेप्रेझोल यांचा परिणाम जवळपास सारखाच असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरीकडे, कॅनडातील दहा रुग्णालयांत महाधमनीची शस्त्रक्रिया होणाऱ्या ६०६ रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर मोठ्या मात्रेत कर्क्युमिन देण्यात आले, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. अपेक्षित लाभ दिसला नाहीच, उलट मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण कर्क्युमिन घेतलेल्यांत १७ टक्के आणि न घेतलेल्यांत १० टक्के आढळले. एका विकारात उपयोगी दिसणारे संयुग दुसऱ्या परिस्थितीत अपायकारक ठरू शकते, ही औषधशास्त्रातील जुनीच गोष्ट यातून पुन्हा अधोरेखित झाली.

भारताला हा धडा नवा नाही. सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदात आणि लोकवैद्यकात पूर्वापार वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा उच्च रक्तदाबावरील उपयोग रुग्णांमध्ये पद्धतशीरपणे तपासला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. १९५२ मध्ये स्विस संशोधकांनी तिच्यातून रेसरपिन हे संयुग वेगळे केले आणि रक्तदाबाच्या आधुनिक उपचारांना नवी दिशा मिळाली. त्याचबरोबर मोठ्या मात्रेत त्यामुळे येणाऱ्या नैराश्याचीही नोंद झाली आणि मात्रा कमी करण्यात आली. परंपरेने दिशा दाखवली, चाचणीने मात्रा ठरवली आणि दुष्परिणाम लपवले गेले नाहीत. सर्पगंधेला जगाची मान्यता मिळाली ती या तिन्ही गोष्टींमुळे.

हळदीच्या बाबतीत भारताने एक लढाई निश्चितपणे जिंकली आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्यास सुरुवात झाली, त्यामागे हाच अनुभव होता. मात्र त्या खटल्यात सिद्ध झाले ते हे ज्ञान नवे नाही, एवढेच. एखादा उपयोग जुना असणे आणि तो विशिष्ट मात्रेत परिणामकारक व सुरक्षित असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा पुरावा ग्रंथात सापडतो. दुसरीचा रुग्णालयात शोधावा लागतो.

तीन फडताळे, तीन नियम

भारतीय दुकानात हळद तीन रूपांत मिळते. मसाला म्हणून ती भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या कक्षेत येते. पूरक आहाराची गोळी म्हणूनही ती याच प्राधिकरणाच्या अखत्यारीत राहते, पण तिच्यासाठी २०२२ चे वेगळे विनियम आहेत आणि वेष्टनावर औषधी वापरासाठी नसल्याचा उल्लेख आवश्यक असतो. आयुर्वेदिक औषध म्हणून विकली गेल्यास मात्र १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो आणि परवाना राज्यांची यंत्रणा देते. ग्राहकाच्या दृष्टीने तिन्ही हळदच. त्याला फडताळ दिसते, त्यामागचा कायदा दिसत नाही.

जाहिरातींच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढला आहे. आयुष औषधांच्या जाहिरातींना पूर्वमंजुरी आवश्यक करणारा नियम १७० हा २०१८ मध्ये आला. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेद्वारे केंद्राने तो वगळला आणि २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ याचिका निकाली निघाली, तेव्हा ही स्थगितीही संपुष्टात आली. आता दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मुख्य आधार उरतो तो १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याचा आणि ग्राहक संरक्षण कायद्याचा. दोन्हींची अंमलबजावणी बहुतांशी तक्रार आल्यानंतर सुरू होते. जाहिरात तोवर घराघरांत पोहोचलेली असते.

हा प्रश्न हळदीपुरता मर्यादित नाही. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेच्या पूरक उत्पादनांवर बंदी घातली. त्यापूर्वी, २०२१ मध्ये, आपल्याच आयुष मंत्रालयाने उत्पादकांना अश्वगंधेची पाने न वापरण्याचा सल्ला दिला होता. परंपरेत मुख्यतः मूळ वापरले जाते, पान नव्हे. वनस्पतीचे नाव तेच ठेवून तिचा भाग, अर्काची पद्धत आणि मात्रा बदलली की उत्पादन बदलते. आयुर्वेदाने मात्रा, अनुपान आणि रुग्णाची प्रकृती यांचा विचार कायम केला. बाजारातील गोळी बहुधा नाव तेवढे घेते आणि विचार मागे ठेवते.

रंगाला भाव, गुणाला नाही

या साखळीच्या दुसऱ्या टोकाला शेतकरी आहे. महाराष्ट्रात हिंगोली, नांदेड, सांगली, तेलंगणात निजामाबाद, तमिळनाडूत इरोड या पट्ट्यांत हळदीचे पीक सुमारे नऊ महिने शेतात उभे राहते. काढणीनंतर हळद शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश करणे हे वेगळे श्रम. सांगली, वायगाव आणि वसमत येथील हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. इरोड आणि ओडिशातील कंधमाल येथील हळदीलाही ते आहे. कोळिकोडच्या भारतीय मसाले संशोधन संस्थेने अधिक कर्क्युमिनचे ‘प्रतिभा’, ‘प्रगती’ असे वाण दिले आहेत. तरीही सौद्यात हळकुंडाचा भाव मुख्यतः रंग, चमक आणि जाडी पाहून ठरतो. ज्या संयुगासाठी परदेशी ग्राहक पैसे मोजतो, त्याचे मोजमाप शेतकऱ्याच्या ढिगापाशी क्वचितच होते.

रंगाला मिळणाऱ्या या अवाजवी महत्त्वाचे दुष्परिणाम गंभीर आहेत. हळकुंड पिवळेधमक दिसावे म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट हे शिशाचे विषारी रंगद्रव्य चोळले जाते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची हानी पोहोचवते. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका या देशांतील २३ शहरांतून गोळा केलेल्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील १४ टक्के नमुन्यांत प्रतिग्रॅम दोन मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे होते आणि पाटण्यातील काही नमुन्यांत ते एक हजार मायक्रोग्रॅमच्याही पुढे गेले. भारतातील मर्यादा दहा मायक्रोग्रॅम आहे. पॉलिश केलेल्या हळकुंडांत भेसळ अधिक आढळली, हेही सूचक आहे.

यावर उपाय नाही असे नाही. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले होते. सरकारने व्यापाऱ्यांना समज दिली, घाऊक बाजारांत जागेवर तपासणी केली, दोषींना दंड केला आणि लोकांमध्ये जागृती केली. दोन वर्षांत हे प्रमाण शून्यावर आले.

मंडळापुढील काम

एक अब्ज डॉलरचे उद्दिष्ट गाठण्यासाठी लागवड वाढवणे आणि नवी बाजारपेठ शोधणे आवश्यक आहेच. पण औषधी गुणांच्या नावावर विकल्या जाणाऱ्या मालाची खरी किंमत विश्वासात असते. परदेशात यकृतदाहाची एखादी मोठी साखळी उघडकीस आली किंवा एखाद्या जहाजातील मालात शिसे सापडले, तर त्याचा फटका अर्क बनवणाऱ्या कंपनीपुरता राहणार नाही. तो हिंगोलीच्या आणि निजामाबादच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचेल.

म्हणून काही गोष्टी तातडीने करता येण्याजोग्या आहेत. प्रत्येक पूरक उत्पादनावर कर्क्युमिनॉइड किती मिलिग्रॅम, पायपरिन किती आणि शोषण वाढवणारे तंत्र कोणते, हे ठळकपणे छापले जावे. यकृताचे किंवा पित्ताशयाचे विकार असलेल्यांसाठी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांसाठी इशारा असावा. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणा २०१८ पासून अस्तित्वात आहे. यकृतरोगतज्ज्ञ आणि पूरक आहाराचे नियामक तिच्याशी जोडले गेले पाहिजेत. प्रमुख बाजार समित्यांमध्ये कर्क्युमिन आणि शिसे या दोहोंच्या तपासणीची सोय झाली, तर चांगल्या मालाला भाव मिळेल आणि रंग चोळण्याचे प्रलोभन कमी होईल. आणि ज्या विकारांत आशादायक संकेत आहेत, तेथे भारतानेच मोठ्या, निष्पक्ष चाचण्या हाती घेतल्या पाहिजेत. जगातील सर्वांत मोठ्या उत्पादक देशाने पुराव्यासाठी इतरांच्या तोंडाकडे पाहावे, हे शोभणारे नाही.

वाचकांच्या दृष्टीने तूर्त सांगण्याजोगे थोडकेच आहे. फोडणीतील हळद निश्चिंतपणे वापरावी. सुटी हळकुंडे अनैसर्गिक चमकणारी असतील तर घेऊ नयेत. कर्क्युमिनची गोळी घेत असल्यास डॉक्टरांना ती औषधांच्या यादीत आवर्जून सांगावी. ती सुरू केल्यानंतर डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे किंवा सततचा थकवा जाणवल्यास गोळी थांबवून लगेच तपासणी करून घ्यावी. वनस्पतीतून आलेले संयुग शरीरावर परिणाम करते, असे मानून आपण ते घेतो. परिणाम करणारी प्रत्येक गोष्ट मात्रेची शिस्त मागते, आणि हळदीचे संयुग त्याला अपवाद नाही.